इथे नळ आहे

ही हकीकत मी दोन वर्षं बऱ्याच जणांना सांगत होतो, आणि प्रत्येक वेळी खोटी सांगत होतो. ऑफिसात तर ती माझी हमखास चालणारी गंमत झाली होती. "लॉकडाऊनमध्ये माझ्या वडिलांनी आमच्या घरमालकाची भिंत कापली," असं म्हटलं की कॅमेरे बंद करून बसलेले लोकसुद्धा हसायला कॅमेरे चालू करायचे. भिंत वडिलांनी कापली नव्हती, मी कापली होती. आणि भिंत कापणं हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग होता.

बाबा २०२०च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, न्यूनेनला आले. आई जाऊन वर्ष झालं होतं, पुण्यात ते एकटेच होते, आणि जरा हवापालट होईल म्हणून मीच आग्रह केला होता. मार्चमध्ये सगळं बंद झालं. त्यांचं परतीचं विमान रद्द झालं, मग त्याच्या बदल्यात मिळालेलंही रद्द झालं. घर आमचं भाड्याचं, ओळीतल्या घरांपैकी एक, रुंदीला बेताचं. बायकोचं ऑफिस आमच्या बेडरूममध्ये, माझं खाली जेवणाच्या टेबलावर, आणि बाबा वरच्या लहान खोलीत. तिथे एक पलंग आणि कपडे वाळत घालायचा स्टँड एवढंच मावत होतं.

त्यांचा सगळा संसार बॅगेत होता. सकाळी दाढीचं सामान काढायला पलंगाखालून बॅग ओढायची, दुपारी गोळी काढायला ओढायची, रात्री चष्म्याचं घर ठेवायला ओढायची. तो चाकांचा आवाज मला खालच्या मजल्यावर मीटिंगमध्ये ऐकू यायचा. एक दिवस बायको म्हणाली, "बाबा अजून पाहुण्यासारखे राहतायत रे. त्यांच्या चार वस्तू ठेवायला एक फळी तरी कर कुठेतरी."

मी फळीवर थांबणाऱ्यातला नाही. दोन संध्याकाळी व्हिडिओ बघितले आणि ठरवलं की भिंतीच्या आत कपाट बसवायचं. इथल्या घरांच्या आतल्या भिंती विटांच्या नसतात. लाकडाचे उभे खांब, दोन्ही बाजूंना जिप्समचे बोर्ड, मध्ये पोकळी. दोन खांबांच्या मधला बोर्ड चौकोनी कापायचा आणि त्या पोकळीत उथळ कपाट सरकवायचं. जागा अडत नाही, दिसायलाही छान. जिना संपतो तिथे वॉशबेसिन होतं, त्याच्या वरची भिंत मी नक्की केली. घरमालकाला विचारलं नाही. करारात स्पष्ट लिहिलं होतं की भिंतींना हात लावण्याआधी विचारायचं, पण काम झाल्यावर दाखवू, बघून खूशच होतील, असं मी स्वतःला समजावलं.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे फडताळ!" ते म्हणाले. मग लगेच उठले आणि बोटाच्या पेराने भिंत वाजवायला लागले.

इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते एका तांत्रिक शाळेत सुतारकाम शिकवायचे. पस्तीसेक वर्षं त्यांनी मुलांच्या हातात करवत दिली आणि सगळ्यांची बोटं शाबूत ठेवली, असं ते गमतीने म्हणत. पण त्यांना अभिमान होता तो सुतारकामाचा नव्हे, अक्षराचा. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. शाळेतल्या प्रत्येक प्रमाणपत्रावरचं नाव त्यांनी लिहायचं, स्नेहसंमेलनाचा फलक त्यांनी लिहायचा, आळीतल्या लग्नपत्रिकांवरचे पत्ते लिहायलाही लोक त्यांच्याकडे यायचे. माझी वही बघून ते म्हणायचे, "हे काय, कोंबडीचे पाय काढलेत?" आणि अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचे. एरवी कधी फुशारकी न मारणारा हा माणूस, पण कोणी अक्षराचं कौतुक केलं की दिवसभर गुणगुणत असायचा.

तर बाबांनी भिंत वाजवली. खांब कुठे आहेत ते पाच मिनिटांत सांगितलं. मी बाउमार्क्टमधून, म्हणजे इथल्या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानातून, भिंतीतल्या वस्तू शोधायचं एक यंत्र आणलं होतं. त्यानेही तेच खांब दाखवले, आणि मला उगाचच राग आला. मग बाबांनी उजव्या बाजूला तळहात टेकवला आणि तसेच उभे राहिले.

"इथे ऊब आहे," ते म्हणाले.

"हीटिंग चालू आहे बाबा. सगळीकडेच ऊब आहे."

त्यांनी बेसिनवर फडकं ओलं करून पिळलं, भिंतीवरून एक हात फिरवला आणि बाजूला उभे राहून वाट बघू लागले. थोड्या वेळाने त्या ओलसर भिंतीवर एक उभा पट्टा बाकीच्या आधी वाळला. फिकट, सरळ, चार बोटं रुंद. "हा बघ. माळ्यावरच्या रेडिएटरचा नळ जातोय."

मी यंत्र फिरवलं. यंत्र गप्प. "काही नाहीये इथे. मशीन दाखवत नाहीये."

"तुझं मशीन धातू नि लाकूड ओळखतं. नळ प्लास्टिकचा असला तर?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि त्या पट्ट्यावर लिहिलं: इथे नळ आहे. खाली एक बाण आणि एक फुली. नुसतं ‘नळ’ लिहून भागलं असतं, पण फळ्यावर लिहिताना पूर्ण वाक्य लिहायची त्यांची सवय होती. अक्षर नेहमीसारखंच, वर ओढलेली रेघसुद्धा पट्टीने मारल्यासारखी. मग म्हणाले, "कपाट डावीकडे घे. वीतभर सरकव. आरामात बसतं."

वीतभर डावीकडे म्हणजे कपाट बेसिनच्या बरोबर मध्ये येणार नव्हतं. मी म्हणालो, वाकडं दिसेल. ते म्हणाले, दिसू दे, काम होतंय ना. मी म्हणालो, बघू. त्या ‘बघू’चा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत होता. मी लहानपणी ऐकायचं नसलं की हेच म्हणायचो.

त्या दिवशी दुपारी मला एक मीटिंग रद्द झाल्याने मोकळा वेळ मिळाला. बाबा खोलीत पडले होते, बायको हेडफोन लावून बेडरूममध्ये. मी टेप घेतला, बेसिनचा मध्य काढला, दोन्हीकडे सारखं अंतर घेऊन चौकोन आखला. चौकोनाची वरची रेघ बाबांच्या वाक्याच्या डोक्यावरून जात होती. मला ते वाक्य दिसत होतं. मी वाचलं, पुन्हा वाचलं. मग हातकरवत आत खुपसली. इतक्या वर्षांनीही मला हे नीट सांगता येत नाही की मी तसं का केलं. त्यांच्यावर विश्वास नव्हता असं नाही. ते बरोबर असतील याचाच मला कंटाळा आला होता. सात आठवडे घरात, आणि प्रत्येक गोष्टीत ते बरोबर. कुकरची शिट्टी कुठे बिघडली, सायकलचं चाक का डुगडुगतं, दरवाजा का अडतो. माझ्या घरात निदान एक भिंत तरी माझ्या मनाने कापली जावी असं वाटलं असेल. असली क्षुद्र गोष्ट लिहितानाही लाज वाटते.

तीन बाजू सरळ कापल्या गेल्या. वरच्या रेघेवर उजवीकडे येताना करवत अडली. मी जोर लावला.

पाणी आलं ते काळं होतं. हीटिंगच्या नळातलं पाणी वर्षानुवर्षं तेच फिरत असतं, ते काळंकुट्ट असतं हे मला तेव्हा कळलं. भिंतीवरून, बेसिनवरून, जिन्याच्या फिक्या कार्पेटवरून ते खाली चाललं. मी दोन्ही हातांनी भोक दाबून ओरडलो. बाबा बनियनवर धावत आले, एका क्षणात बघितलं आणि टॉवेल, बादली, पातेली, मिळेल ते आणून लावायला लागले. "कॉक कुठे आहे याचा?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. तीन वर्षं त्या घरात राहत होतो आणि मला माहीत नव्हतं. बायकोने घरमालकांना फोन लावला.

घरमालक दोन गल्ल्या सोडून राहायचे. निवृत्त, उंच, थोडे वाकलेले, आणि त्या घराची बरीचशी कामं त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेली. सायकलवरून पाच मिनिटांत आले. आम्हाला हाताने ‘लांब राहा’ अशी खूण करत, दीड मीटरचा नियम पाळत जिना चढले. बॉयलर बंद केला, खालच्या एका तोटीला पाइप लावून उरलेलं पाणी बाहेर सोडलं. मग भिंतीपाशी येऊन अर्धवट लोंबणारा बोर्डाचा तुकडा तोडून काढला आणि आतला नळ बघितला. पांढरा, प्लास्टिकचा. त्याला माझ्या करवतीची खाच.

बायको फरशी पुसायला खाली गेली होती. मी जिन्याच्या तोंडाशी, बाबा माझ्या दोन पायऱ्या खाली, हातात काळ्या पाण्याची बादली घेऊन. घरमालक त्या हातातल्या तुकड्याकडे बघत होते. मग त्यांनी तो माझ्याकडे वळवला. इंग्रजीत विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

"माझ्या वडिलांनी," मी म्हणालो. हे खरं होतं.

"काय लिहिलंय?"

करार जूनमध्ये संपत होता. त्या महिन्यात नवं घर शोधणं म्हणजे काय हे इथल्या प्रत्येक परदेशी माणसाला माहीत होतं. न विचारता भिंत कापली होती, कार्पेट गेलं होतं, नळ फुटला होता. आणि भिंतीवर मराठीत लिहून ठेवलं होतं की इथे नळ आहे. ते वाचता येणारा त्या जागी माझ्याशिवाय फक्त लिहिणाराच होता.

"‘कट हिअर,’" मी म्हणालो.

त्यातलं ‘इथे’ तेवढं खरं होतं.

बाबांना इंग्रजी बोलता येत नाही, म्हणून मी ते ऐकतच नाहीत असं धरून चालायचो. जेवताना त्यांच्यासमोर आम्ही दोघं इंग्रजीत त्यांच्या व्हिसाबद्दल बोलायचो. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही सुताराला विचारा, ‘कट’ हा त्याचाच शब्द आहे. बाबांनी जन्मभर मुलांना सांगितलं होतं, कट सरळ मार, कट तिरका गेला, कट तपासून मग हात चालव. साऱ्या इंग्रजीतला त्यांना नक्की कळेल असा एक शब्द मी निवडला होता.

मी मागे वळून बघितलं नाही. बादलीची कडी किंचित वाजली, तेवढं ऐकलं.

घरमालकांनी सुस्कारा सोडला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मायेनेच म्हणाले, "या वयाच्या माणसाच्या हातात करवत द्यायची नसते. तू लक्ष द्यायला हवं होतंस."

"हो," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

तेव्हा बाबांनी बादली खाली ठेवली, एक पायरी वर आले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सॉरी. माय मिस्टेक."

संध्याकाळी चहा त्यांनीच केला. मला कप दिला. "कार्पेटला लिंबू लावून बघू का?" असं बायकोला विचारलं. माझ्याशी बोलले, पण भिंतीबद्दल चकार शब्द नाही. बायकोने दोन दिवसांनी फक्त एवढं विचारलं, "बाबांनी तिथे काहीतरी लिहिलं होतं ना? मी सकाळी दात घासताना बघितलं होतं." मी म्हणालो, "हो, खुणा केल्या होत्या." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग कामाला लागली. सांगायचं माझ्या रोज मनात यायचं. अंघोळ करताना मी वाक्यं जुळवायचो. पण ते समोर आले की जीभ रेटायची नाही, आणि एक आठवडा गेल्यावर सांगणं आणखी अवघड झालं, दोन आठवड्यांनी त्याहून.

पुढच्या आठवड्यात घरमालक दुरुस्तीला आले. मी कामावर होतो, म्हणजे खालच्या टेबलावर. वरून आवाज येत होते. आधी फक्त एका माणसाचे. मग बाबांचं खाकरणं. घरमालकांनी पहिल्यांदा त्यांना हाताने दूर बसायला सांगितलं असावं. पण तासाभराने मी पाणी प्यायला उठलो आणि वर डोकावलो तर बाबा न मागता त्यांना हवं ते हत्यार जमिनीवर ठेवून मागे सरकत होते आणि ते उचलून घेत होते. दुसऱ्या दिवशी करवत बाबांच्या हातात होती आणि घरमालक कमरेवर हात ठेवून बघत होते. एकमेकांची भाषा येत नसलेले दोन म्हातारे बोलत होते, आणि काम थांबत नव्हतं. मी मात्र दोन्ही भाषा येऊन खाली स्क्रीनसमोर मान घालून बसलो होतो. मला वर जायची भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी कपाट बसलं. घरमालकांनीच म्हटलं, एवढं झालंच आहे तर बसवू या. वीतभर डावीकडे. बाबांनी ते बर्चच्या प्लायमधून केलं होतं, सूतभर फट नाही कुठे. आणि वाकडं अजिबात दिसत नव्हतं. बाबांनी त्यात दाढीचं सामान, गोळ्या, चष्म्याचं घर असं सगळं लावलं. त्यानंतर बॅगेच्या चाकांचा आवाज आला नाही.

ते जून संपता संपता सरकारने सोडलेल्या विमानाने परतले. करार वाढवून मिळाला होता. विमानतळावर आत फक्त प्रवाशांना सोडत होते, आम्ही बाहेरच थांबलो. मास्कमधून मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशी..." ते म्हणाले, "फडताळाला तेलाचा हात दे पावसाळ्याआधी." मग थांबले. "इथे पावसाळा कधी असतो रे?" मी म्हणालो, बाराही महिने. ते हसले आणि गेले. त्यांनी मला वाक्य पूर्ण करू दिलं नाही, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. मी ते पूर्ण करत नव्हतो हेच खरं. त्यानंतर ऑफिसात ती गंमत सांगायला लागलो. लोक हसले की वाटायचं, एवढी काही मोठी गोष्ट नव्हती.

२०२२ मध्ये आम्ही दुसरीकडे राहायला गेलो. किल्ल्या द्यायच्या दिवशी घरमालक आले, रिकाम्या खोल्यांतून फिरले, आणि शेवटी वर वॉशबेसिनपाशी थांबले. कपाट उघडलं. आत उजव्या बाजूच्या फळीवर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलने लिहिलेलं होतं: इथे नळ आहे. शेजारी उजवीकडे बाण. दोन वर्षं मी त्या कपाटातून रोज टूथपेस्ट काढत होतो, आणि ते तिथे आहे हे मला माहीत होतं. ते दिसू नये म्हणून मी टूथपेस्ट त्याच्यासमोर उभी ठेवायचो.

घरमालकांनी मधल्या शब्दावर बोट ठेवलं. "नळ," ते म्हणाले. शेवटचा ‘ळ’ त्यांना जमला नाही, पण शब्द कळण्यासारखा होता.

मी किल्ल्या पुढे केल्या, त्यांनी घेतल्या नाहीत.

"दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी तुझे वडील हे लिहीत होते," ते शांतपणे म्हणाले. "मला तीच अक्षरं ओळखू आली. मी विचारलं, त्यांनी नळावर टकटक केलं आणि हा शब्द सांगितला. मग मी विचारलं की तुमचा मुलगा तर ‘कट’ म्हणाला. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. मग म्हणाले," आणि इथे घरमालकांनी बाबांचं इंग्रजी जसंच्या तसं म्हणून दाखवलं, थट्टा न करता, "‘माय रायटिंग, व्हेरी बॅड. सन रीड राँग.’"

मी कपाटाकडे बघत होतो. पट्टीने मारल्यासारखी ती रेघ.

"मला तुमची लिपी येत नाही," घरमालक म्हणाले. "पण दोन्हीकडे अक्षरं अगदी एकसारखी होती, छापल्यासारखी. वाईट अक्षर दोनदा असं सारखं येत नाही."

"त्यांचं अक्षर चांगलं आहे," मी म्हणालो. "मला वाचता आलं होतं. मी वाचून कापलं."

त्यांनी मान हलवली आणि कपाटाचं दार लावलं. किल्ल्या घेतल्या.

मी सायकलवर बसण्याआधी तिथेच दारात उभा राहून बाबांना फोन लावला. भारतात जेवणाची वेळ होती, ताटाचा आवाज आला. या वेळी मी वाक्य पूर्ण केलं. मला वाचता येत होतं, मी वाचून कापलं, आणि मग तुमच्यासमोर तुमच्या नावावर खोटं बोललो, असं सगळं सांगितलं. पलीकडे जेवण थांबलं होतं.

"आणि बाबा," मी म्हणालो, "तुम्ही त्यांना सांगितलंत की तुमचं अक्षर वाईट आहे. तुमचं. असं का सांगितलंत?"

"अरे," बाबा म्हणाले, "मग दुसरं काय सांगायचं होतं त्यांना?"